गिझरची पाच मिनिटं

सिंहगडावर मी पोचतो तेव्हा आमच्या सायकलवाल्या टोळक्याची कांदाभजीची दुसरी प्लेट संपलेली असते. माझ्या वाट्याला येतं ते कागदावर उमटलेलं तेल आणि "आलास? चला, निघूया!" घाट आठ-नऊ किलोमीटरचा, चढ साधारण सहाशे मीटरचा आणि माझं वजन 82 किलो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बदलता येत नाहीत. तिसरी बदलता येते असं डॉक्टर म्हणतात. मी मात्र इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या दुकानात गेलो.

दुकानातला मुलगा माझ्या पोराच्या वयाचा होता आणि ज्ञान तासाच्या हिशेबाने देत होता. "काका, कॅडन्स सेन्सर हवाय की टॉर्क सेन्सर?" मी चेहरा जाणकार ठेवला. पण त्याने समजावल्यावर कळलं, की मोटरने कधी आणि किती मदत करायची ते ठरवणारे हे दोघंही आमच्याच घरातले. कॅडन्स सेन्सर म्हणजे आमची आजी. नुसते पाय हलवले तरी 'किती कष्ट करतंय लेकरू' म्हणून मदतीला धावणार. टॉर्क सेन्सर म्हणजे आमचे वडील. तू जेवढा जोर लावशील, त्या प्रमाणात मी देईन. मी आजीवाली सायकल किती पडेल ते विचारलं.

चाळीस हजार. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी. पण लांबलचक खड्या चढावर चाक सावकाश फिरतं, त्याबरोबर मोटरही रखडते, करंट खाते आणि तापते. म्हणजे थोडक्यात माझ्यासारखीच. पायडलपाशी मोटर असलेली दुसरी सायकल होती, ती गिअर वापरून चढते म्हणून घाटाला बरी. तिची किंमत ऐकल्यावर मी घंटी वाजवून बघितली आणि परत आजीकडे आलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मोटर लावायची तर स्कूटर काय वाईट आहे?" मी कायदा सांगितला. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला, की लायसन्स नको, नंबरप्लेट नको. कायदा तिला मोटार वाहन मानतच नाही.

"आणि मी तिला सायकल मानत नाही," बायको म्हणाली.

मग मी इतिहासाला हात घातला. माउंटन बाइकिंगची सुरुवात झाली 1970च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत. तिथली पोरं जुन्या जडशीळ सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट उतरायची. उतरताना मागचा ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवीन भरावं लागायचं. आणि वर जायची कशी? पुष्कळदा सायकली ट्रकमध्ये टाकून! म्हणजे या खेळाच्या मूळपुरुषांनाही चढ नकोच होता. मी परंपरा पुढे नेतोय. या युक्तिवादावर मी स्वतः खूश होतो. पण घरात मत एकच पडलं, तेही माझं.

शेवटी वही काढली. मी 82, सायकल 23, एकूण 105 किलो. ते सहाशे मीटर उचलायला लागतात साधारण 170 वॉट-अवर. बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर, म्हणजे 360. घर्षण, वारा, मोटरची उधळमाधळ सगळं धरलं तरी गड सर! मी आनंदाने हिशेब सोपा करून सांगितला, "अगं, दोन हजार वॉटचा गिझर पाच मिनिटं चालतो ना, तेवढ्या विजेत मी गडावर!"

"मग थंड पाण्याने आंघोळ कर आणि चालत जा."

पन्नास वर्षं ज्या देहाचे इतके लाड केले, त्याला सिंहगडावर चढवण्याची किंमत अर्धी बादली कोमट पाणी निघावी, याचं मला जरा वाईटच वाटलं.

तिने वही ओढून घेतली. "गेल्या वर्षी किती वेळा गेलास?" नऊ वेळा. (त्यातल्या दोनदा खडकवासल्याच्या चौपाटीवरून परत आलो होतो, ते मी बोललो नाही.) पाच वर्षं धरली तर पंचेचाळीस खेपा. दर खेपेला जवळजवळ नऊशे रुपये, भजी वेगळी.

आणि जिने? आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खाली ठेवलेल्या सायकलचा आधी दिवा गेला, मग सीट गेली, तेव्हापासून सायकल वरच येते. पार्किंगमध्ये चार्जिंगचा विषय काढल्याबरोबर सोसायटीच्या सेक्रेटरींनी कॉमन मीटरवर असं काही व्याख्यान दिलं, की मी घरातला मोबाइलसुद्धा चोरून चार्ज करू लागलो. म्हणजे 23 किलो रोज खांद्यावरून वर. मोटर घाट चढवेल, जिना नाही.

"जमेल," मी म्हणालो.

"बघ जमतंय का. खाली दुकानात गव्हाचा कट्टा सांगून ठेवलाय. पंचवीस किलोचा."

पहिला मजला मी ऐटीत चढलो. दुसऱ्यावर कठड्याला टेकून उभा राहिलो, तर सेक्रेटरी उतरत होते.

"काय, गहू का?"

"नाही," मी धापा टाकत म्हणालो, "सायकल."

ते दोन पायऱ्या मागे सरकले. वर पोचलो तेव्हा कानात गडावरचा वारा वाहत होता. बायकोने कट्टा आत घेतला, मला पाणी दिलं आणि डब्यात डोकावून म्हणाली, "तांदूळही संपत आलाय. एवढे पैसे घालायच्या आधी उद्या पुन्हा एकदा खात्री करून घे."