मस्टँगच्या किमतीवरच्या 1 स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडची 2017 ची फोर्ड मस्टँग जीटी 52 लाखाला म्हणजे सरळ लूट आहे, अमेरिकेत एवढ्यात दोन नव्या येतात, फोर्ड तर इंडियातून गेली आणि 52 घालायचेच तर माणूस नवी बीएमडब्ल्यू नाही का घेणार. तुम्ही 35 म्हणालात, आम्ही नाही म्हटलं, म्हणून 1 स्टार. स्टारबद्दल तक्रार नाही, पण लूट हा शब्द लागला मनाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेतला आकडा तुमचा 2017 च्या हिशेबाने बरोबर आहे. तेव्हा तिथे जीटी 32-33 हजार डॉलरपासून मिळायची, म्हणजे त्या वेळच्या रेटने 22 लाखाच्या आसपास. इथे 2016 च्या जुलैमध्ये आली ती 65 लाख एक्स-शोरूम दिल्ली. मधले पैसे डीलरच्या खिशात नाही गेले सर. तेव्हाचा नियम असा होता की तयार आयात होणारी गाडी 40 हजार डॉलरच्या वरची असेल किंवा पेट्रोल इंजिन 3000 सीसीच्या वर असेल तर कस्टम ड्युटी 100 टक्के. मस्टँग किमतीत आत बसली असती तरी इंजिन 4951 सीसीचं, तिथेच अडकली. ड्युटी लागते ती गाडी, जहाजाचं भाडं आणि इन्शुरन्स सगळं धरून, आणि त्या दुप्पट झालेल्या रकमेवर मग बाकीचे टॅक्स. वर आपल्या महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स 20 टक्के, 65 लाखावर तेच 13 लाख होतात. पहिल्या मालकाने हे सगळं भरलंय आणि त्यानंतर तुम्हाला ती 52 ला मिळतेय.

आता बीएमडब्ल्यूचं. 52 मध्ये नवी जर्मन सेडान येते, इंजिन छोटं, छान गाडी आहे, रोज ऑफिसला न्यायची असेल तर मी स्वतः तुम्हाला तीच घ्या म्हणेन. पण पाच लिटरचं विदाउट टर्बो व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, त्या पैशात नव्यात कोण देतं सांगा. मस्टँग 1964 ला आली तीच मुळी 2,368 डॉलरला, साध्या नोकरदाराला परवडावी म्हणून. ब्रिटनमध्येसुद्धा 2015 ला व्ही8 साधारण 33 हजार पौंडात होती, बीएमडब्ल्यूच्या एम4 या स्पोर्ट्स कारपेक्षा कितीतरी खाली, आणि 2016 च्या मार्चमध्ये तर खुद्द जर्मनीत ती पोर्शे 911 पेक्षा जास्त खपली. तिथे ती स्वस्तातली व्ही8 म्हणून विकता आली, आपल्याकडे ड्युटीने तिला उचलून लक्झरीच्या रांगेत नेऊन बसवलं. याचं वाईट आम्हालाही वाटतं, खरंच वाटतं, कारण ही गाडी आवडणारी कितीतरी पोरं शोरूमला येतात आणि नुसतं बघून जातात.

फोर्ड गेली हे खरंय, 2021 ला इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. पण त्याने ही गाडी स्वस्त नाही झाली, दुर्मिळ झाली. अमेरिकेतून जुनी आणतो म्हणालात, तर तिथल्या सगळ्या लेफ्ट हँड ड्राइव्ह, आणि आपल्याकडे जुनी गाडी आणायची तर राइट हँडच लागते, तीन वर्षांच्या आतली लागते आणि ड्युटी परत आहेच. मस्टँग कारखान्यातूनच राइट हँड यायला लागली ती या सहाव्या जनरेशनपासून, आणि आमची गाडी त्यातलीच आहे.

पॉवर इथे 401 पीएस, अमेरिकेत 435 एचपी सांगतात, हे तुम्ही विचारायच्या आधी आम्हीच सांगितलं होतं. टायर कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड तुम्ही स्वतः खाली बसून वाचलात, सर्व्हिस हिस्टरीचे फोटो काढून नेलेत, थंड इंजिन तुमच्यासमोर स्टार्ट केलं. पार्ट मागवायला वेळ लागतो, स्वस्त नसतात, हेही बोललो होतो. लपवलेलं काहीच नाही.

पहिल्या मालकाचं मूळ बिल आणि रोड टॅक्सची पावती फाईलला आहे, केव्हाही येऊन बघा, सोबत तुमच्या ओळखीचा मेकॅनिक आणलात तरी चालेल. 52 मध्ये थोडंफार इकडेतिकडे बसून बोलू, पण 35 ला ही गाडी देता येणार नाही सर.