सुंता म्हणजे लस नव्हे

अमेरिकेत बाळंतपण होणार असलेल्या मराठी जोडप्यांपर्यंत एक संदेश हमखास पोचतो. शब्द बदलतात, आशय असा: ‘मुलगा झाला तर हॉस्पिटलमधून घरी येण्याआधीच सुंता उरकून घ्या. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची शिफारसच आहे. पुढची कातडी मागे सरकत नाही म्हणून नंतर करावीच लागते. लघवीचे संसर्ग, एचआयव्ही, कॅन्सर सगळं टळतं. तान्ह्याला दुखत नाही, मोठेपणी मात्र फार त्रास होतो. लस देतो, कान टोचतो, तसाच हा आईवडिलांचा निर्णय.’ यातलं एक वाक्य साफ खोटं आहे. बाकीची अर्धवट आहेत, आणि अर्धवटाला उत्तर द्यायला जागा जास्त लागते.

‘बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे’

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने 2012 मध्ये म्हटलं ते असं: फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्या नवजात मुलांची सरसकट सुंता करा असं सांगण्याइतके ते मोठे नाहीत. संदेश लिहिणारा पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबला. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2015 मध्ये सरसकट सुंतेची शिफारस केलेली नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांची संघटना तर 2010 मध्येच म्हणाली की वैद्यकीय कारण नसताना अल्पवयीन मुलाची सुंता करणं त्याच्या शरीरावरच्या हक्काशी विसंगत आहे. अभ्यास सगळ्यांसमोर बहुतांशी तेच होते. मतभेद आहे तो कोणी ठरवायचं आणि कधी, यावर.

‘कातडी मागे सरकत नाही, म्हणजे फायमोसिस’

भारतातही या एका गैरसमजापायी अनेक मुलं शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातात, म्हणून इथे जरा थांबू.

नवजात मुलाची पुढची कातडी आतून शिश्नाच्या टोकाला चिकटलेलीच असते. तो आजार नाही, घडणच तशी आहे. 1949 मध्ये ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी पाहिलं, तर जन्मतः पूर्ण मागे सरकणारी कातडी जेमतेम 4 टक्के मुलांत होती. डेन्मार्कच्या शाळकरी मुलांवर 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 6-7 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 8 टक्क्यांत कातडीचं तोंड अरुंद होतं. 16-17 व्या वर्षी हे प्रमाण सुमारे 1 टक्का उरलं. बहुतेकांवर काही उपचार करावे लागले नव्हते. वय वाढलं, एवढंच.

घरी मात्र उलटं चालतं. तेल लावून रोज थोडी थोडी कातडी मागे ओढायचा सल्ला मिळतो. ओढल्याने चिकटलेला थर फाटतो, रक्त येतं, जखम भरताना व्रण धरतो आणि तोंड खरोखरच आवळतं. म्हणजे नसलेला फायमोसिस हाताने तयार होतो. मागे ओढलेली कातडी वेळेत पुढे आणली नाही तर ती टोकामागे अडकून सूज येते. तेव्हा तासाभरातच हॉस्पिटल गाठावं लागतं. लहान मुलाला बाहेरून धुणं पुरतं. कातडीखाली दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या पू नसतात, त्या सुटलेल्या मृत पेशी असतात. शू करताना कातडी फुग्यासारखी फुगते, तेही धार नीट असेल आणि दुखत नसेल तर चालण्यासारखं आहे.

खरा आजार वेगळा दिसतो: टोकाशी पांढरट, कडक, न ताणणारं कडं, आधी सरकणारी कातडी सरकेनाशी होणं, बारीक धार, वारंवार सूज. त्यातही पहिला उपाय बहुधा सुरी नसतो. 0.05 टक्के बीटामेथासोनचं मलम दिवसातून दोनदा, नेमकं अरुंद कड्यावर, 4 ते 8 आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बहुतेक मुलांना एवढ्याने गुण येतो. मलम वरवर सगळीकडे फासलं किंवा आठवड्यात सोडून दिलं तर उपयोग होत नाही, आणि मग ‘मलमाने काही झालं नाही’ असा शेरा पडतो. कड्यावर पांढरा व्रण धरणारा त्वचाविकार असेल तर मात्र सुंता हाच योग्य उपचार. त्याला आमची हरकत असण्याचं कारणच नाही.

‘लघवीचे संसर्ग टळतात’

हा दाव्यातला सगळ्यात भक्कम भाग. पहिल्या वर्षात सुंता न झालेल्या मुलांपैकी साधारण शंभरात एकाला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. सुंता झालेल्यांत तो बराच कमी दिसतो. पण 2005 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब सांगतो की एक संसर्ग टाळायला सुमारे 111 निरोगी मुलांची सुंता करावी लागते. रक्तस्राव किंवा जखमेचा संसर्ग साधारण 2 टक्क्यांत होतो असं धरलं, तर त्या 111 पैकी दोघांना तरी शस्त्रक्रियेचाच त्रास व्हायचा. तोंडावाटे किंवा शिरेतून अँटिबायोटिक देऊन बरा होणारा आजार टाळण्यासाठी हा सौदा बरोबरीचाही नाही.

ज्या मुलाची लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे जोरात उलटी जाते, त्याच्या बाबतीत गणित फिरतं: तिथे चारच सुंतांमागे एक संसर्ग टळतो. अशा बाळासाठी डॉक्टरांनी सुचवलं तर ऐकावं. सुंता न केलेल्या बाळाला कारण न कळणारा ताप आला तर लघवीची तपासणी मागा. ती चिकटपिशवीत धरलेली नको, कारण त्वचेवरचे जंतू मिसळून खोटा दोष दिसतो. लघवी घेण्यासाठी नळी घालताना कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका, असं नर्सला सांगायला संकोच करू नका.

‘एचआयव्ही आणि कॅन्सर’

दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारी एचआयव्हीची लागण सुमारे 60 टक्के कमी झाली. चाचण्या चोख होत्या, पण त्यातले पुरुष प्रौढ होते, स्वतः सही करून आलेले होते आणि तिथे साथ जोरात होती. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वंही 15 वर्षांवरच्या मुलांबद्दल आणि पुरुषांबद्दल बोलतात. पाळण्यातल्या बाळाला हा धोका नाही. धोक्याचं वय येईल तेव्हा तो स्वतः ठरवू शकतो, आणि तेव्हाही कंडोम लागतोच.

शिश्नाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाख पुरुषांत साधारण एकाला होतो. त्यामागे खरा फायमोसिस, अस्वच्छता, एचपीव्ही विषाणू आणि तंबाखू आहेत, आणि या चारांवर बहुतेकदा सुरीवाचून इलाज आहे.

‘तान्ह्याला दुखत नाही’

हे ते साफ खोटं वाक्य. कॅनडात 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बाळांना भूल न देता आणि बाकीच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी भूल देऊन सुंता केली. बिनभुलीच्या गटातल्या बाळांना इतका त्रास झाला की चाचणी वेळेआधी थांबवली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सुंता झालेली मुलं 4 ते 6 महिन्यांनी लस टोचताना जास्त रडली. बाळ गप्प झालं म्हणजे दुखत नाही असं नव्हे.

तरीही करायचं ठरलं असेल तर ‘भूल देता ना?’ एवढं विचारून भागत नाही. नुसतं साखरेचं पाणी म्हणजे भूल नव्हे. बधिर करणारं मलम 60 ते 90 मिनिटं आधी लावलं तरच चालतं, आणि तरी ते इंजेक्शनपेक्षा कमी पडतं. इंजेक्शन 1 टक्का लिडोकेनचं, ॲड्रेनॅलिन न मिसळलेलं; शिश्नाच्या मुळाशी दोन बाजूंना किंवा गोलाकार; आणि त्यानंतर काही मिनिटं थांबून मगच हात लावायचा. घाईत हीच मिनिटं गाळली जातात.

रक्ताचंही सांगायला हवं. 3 किलोच्या बाळात सगळं मिळून साधारण 250 मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं 30 मिलिलिटर गेलं तर एक दशांशाहून जास्त गेलं, आणि आजचा डायपर तेवढं सहज पिऊन टाकतो. म्हणून पहिल्या दिवशी डायपर वारंवार उघडून बघावा लागतो. सुंतेसाठी प्लास्टिकचं कडं बसवलं असेल तर ते आठवड्याभरात गळतं; दहा दिवस झाले तरी राहिलं किंवा दांड्यावर सरकलं तर तडक डॉक्टर.

‘मोठेपणी फार त्रास’

होतो. टाके पडतात, खर्च जास्त, प्रौढाला सहा आठवडे शरीरसंबंध वर्ज्य. पण हा त्रास ज्याला गरज पडेल किंवा जो मागेल त्यालाच होतो, आणि अशांची संख्या थोडी आहे. शिवाय तेव्हा कातडी सुटी झालेली असते, ती फाडून वेगळी करावी लागत नाही, आणि किती काढायची ते नेमकं ठरवता येतं.

‘लस देतो, कान टोचतो, तसंच’

लसीला थांबता येत नाही: डांग्या खोकला तान्ह्यालाच मारतो. लसीने शरीराचा भाग जात नाही आणि तिचा फायदा शेजारच्या बाळालाही होतो. जावळ काढलं तर केस येतात, कानाचं भोक बुजू शकतं. (तेही विचारून टोचावं, असं म्हणणाऱ्याशी आम्ही भांडणार नाही.) पालकांना मुलाच्या वतीने ठरवण्याचा अधिकार मिळतो तो मूल थांबू शकत नाही म्हणून. भारतीय न्याय संहितेचं कलम 27 सुद्धा बारा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीला संरक्षण देतं ते ‘मुलाच्या हितासाठी’ सद्भावनेने केलेल्या कृत्यापुरतं. निरोगी बाळाच्या सुंतेत थांबून काय बिघडतं, याचं उत्तर वरच्या एकाही मुद्द्यात सापडत नाही.

धर्माचं कारण वेगळं आहे आणि ते वेगळंच मांडावं. त्याला आरोग्याचा मुलामा नको. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांनी शतकानुशतकं आठव्या दिवशीची सुंता जपली. मुसलमान कुटुंबांत खतन्याला असा ठरलेला दिवस नाही, त्यामुळे तिथे थांबायला वाव अधिक. 2012 मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या न्यायालयाने धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मन संसदेने ती वैद्यकीय नियमांनुसार करण्याची मुभा पालकांना दिली. आमच्या मते सरसकट बंदीने मुलं अडाणी हातांत जातील. पण श्रद्धेच्या नावाने भूल आणि तपासणी टाळता येत नाही, हे यहुदी परंपरेलाही नवं नाही: दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, पिवळं पडलेलं बाळ बरं होईपर्यंत थांबावं, असं तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथातच आहे. आज त्याचा अर्थ असा की आईच्या घराण्यात हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आहे का ते आधी विचारायचं, बाळाला रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के दिलंय याची नोंद बघायची, आणि शूचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करायचीच नाही, कारण पुढे छिद्र दुरुस्त करताना सर्जनला तीच कातडी लागते.