‘स्वस्ताच्या नावाखाली महाग सोलर’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. शेजाऱ्यांना तेवढ्याच क्षमतेचा सौर संच चाळीस हजारांनी स्वस्त मिळाला, आम्ही जुन्या पद्धतीची पॅनेले आपल्या गळ्यात मारली, जुलैचे बिल शून्य आले नाही आणि तीन महिन्यांतच बोल्ट गंजले, असे आपले म्हणणे आहे. यातील गंजाची तक्रार शंभर टक्के खरी असल्यामुळे आधी तिच्याविषयी लिहितो.

गच्चीवरचा सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा आहे आणि तो शाबूत आहे. गंजले आहेत ते पॅनेले आवळणारे नट-बोल्ट. गोव्यातल्या पेडण्याच्या किनारपट्टीवर, जिथे घरातल्या खिडक्यांच्या बिजागऱ्यासुद्धा खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंजतात, तिथे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलखेरीज दुसरे काही वापरायचे नाही, हा आमचाच नियम आहे. त्या दिवशी तो माल संपला होता, कामगारांनी साधे बोल्ट लावले आणि मी गच्चीवर न चढता कामाच्या पूर्ततेवर सही केली. ही चूक माझी आहे. सर्व बोल्ट चवथीपूर्वी विनामूल्य बदलून दिले जातील आणि त्यांच्याखालील ॲल्युमिनियमच्या चौकटींवर डाग पडले आहेत का, हेही तपासले जाईल.

किमतीच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. परंतु त्यासाठी पॅनेल आणि त्याच्या आतील, उन्हापासून वीज बनवणारे सेल हे दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात जी पॅनेले बरीच स्वस्त दिसतात, त्यांपैकी अनेकांतील सेल बाहेरून आणलेले असतात, जोडणी तेवढी इथली असते, आणि अशा पॅनेलांवर घरगुती ग्राहकाला हे अनुदान मिळत नाही. शेजाऱ्यांचा संच कोणत्या प्रकारचा आहे, हे त्यांच्या पावतीवरून आणि अनुदानाच्या नोंदीवरून आपल्याला लगेच कळेल. तो दुसऱ्या प्रकारचा असेल, तर चाळीस हजार वाचवण्यासाठी त्यांनी अठ्ठ्याहत्तर हजारांवर पाणी सोडले आहे. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होत असल्यामुळे आमचे दरपत्रक फुगलेले दिसते, हे मला मान्य आहे. पण आपली रक्कम जमा झाल्याचे आपणच आम्हाला फोनवरून आनंदाने कळवले होते. अभिप्रायात तेवढा उल्लेख राहून गेला.

पॅनेले ‘जुनी’ म्हणजे मोनो पर्क या आधीच्या पिढीच्या सेलची आहेत, आणि ती मी जाणूनबुजून सुचवली होती. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनेलांची कार्यक्षमता थोडी अधिक असते आणि उन्हाने तापल्यावर त्यांचे उत्पादन थोडे कमी घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर पर्कची घट साधारण बारा टक्के आणि टॉपकॉनची साडेदहा टक्के धरावी. जागा अपुरी असती, तर मी आग्रहाने टॉपकॉनच घ्यायला लावले असते. पण आपल्या स्लॅबवर ५४० वॅटची सहा पॅनेले बसवून निम्मी गच्ची मोकळी राहिली आहे. या दीड टक्क्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते खाऱ्या हवेत टिकण्याची क्षारकण-चाचणी उत्तीर्ण झालेल्या पॅनेलांवर, चांगल्या अर्थिंगवर आणि पडणाऱ्या विजेच्या झटक्यापासून इन्व्हर्टर (पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) वाचवणाऱ्या उपकरणांवर खर्च करावेत, असे माझे मत होते आणि आजही आहे. पॅनेलात काटकसर चालते, बोल्टात चालत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे आम्ही दोन्हीकडे केली.

जुलैत आपल्या संचाने १९० युनिट वीज दिली. उघाडीच्या महिन्यांत गोव्यात एका किलोवॅटमागे दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात, भर पावसात ते निम्म्यावर किंवा त्याखालीही येतात. त्यातच आपला संच जूनमध्ये सुरू झाल्यामुळे उन्हाळ्यातील जादा युनिट पुढच्या बिलात वळते होण्याची संधी यंदा मिळाली नाही. शिवाय वीज खात्याचा स्थिर आकार कोणत्याही संचाने टळत नाही. हे सर्व मी तोंडी सांगितले होते, परंतु दुकानावरच्या फलकावर ‘वीजबिल विसरा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असताना तोंडी सांगण्याला फारशी किंमत राहत नाही, हे आपला अभिप्राय वाचून पटले. फलक उतरवला आहे आणि यापुढे दरपत्रकासोबत महिनावार अंदाज लेखी दिला जाईल.

नैर्ऋत्येच्या माडाचा विषय आपण काढला नसला, तरी तो महत्त्वाचा आहे. दुपारी तीननंतर त्याच्या चुडतांची सावली टोकाच्या पॅनेलवर पडते, आणि सर्व पॅनेले विजेच्या एकाच साखळीत जोडलेली असल्यामुळे एकावरच्या सावलीचा परिणाम बाकीच्यांवरही होऊ शकतो. माड तोडा, असे आम्ही कोणालाच सांगत नाही. ते पॅनेल गच्चीच्या मोकळ्या पूर्व बाजूला हलवता येईल आणि बोल्ट बदलण्याच्या दिवशीच ते काम मूल्य न आकारता करून देऊ. आपल्याला सोयीचा दिवस कळवावा. त्या दिवशी मी स्वतः गच्चीवर हजर असेन.