माझ्या आईनं कशाची माफी मागितली?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

गोव्यात गिरीला हायवेच्या कडेला वाहतूक पोलिसांनी एका मुलाला अडवलं होतं. एमएच-०७ ची, म्हणजे शेजारच्या सिंधुदुर्गातली मोटारसायकल, मागे बायको, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. त्यानं पाय नीट टेकायच्या आत शिपायानं हात घालून किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. कुठला अधिकार हा? तेवढ्यात एक चकचकीत जीप सिग्नल न देता सुसाट वळली, तिच्याकडे कोणी मानही वळवली नाही. तिकडची बांदा-दोडामार्गची माणसं रोज आपल्याकडे येऊन राबतात, त्यांचे आजारीपाजारी आपल्याच गोमेकॉत, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात येतात. नंबरप्लेट बघून हात वर होतो, हे काय लोकांना दिसत नाही?

माझी गाडी जीए-०४, म्हणजे गोव्याचीच, तरीही पोटात गोळा येतोच. पट्टा लावलेला, विमा, पीयूसी सगळं जागच्या जागी. पण पुढे ती चमकणारी जाकिटं दिसली की गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी माझी छाती धडधडायला लागते. पन्नाशीला आलेली बाई मी!

आणि मग आई आठवते. तिला ओपीडीसाठी घेऊन सकाळी साखळीहून निघाले होते. बांबोळीच्या वाटेवर अडवलं. "लायसन दाखय." मी फोनवर डिजिलॉकर उघडलं. "फोन नाका, कार्ड काड." म्हटलं, अहो, हे चालतं, केंद्राचा नियम आहे. तो काही बोलला नाही. माझा फोन घेऊन सरळ जीपकडे गेला. परत आला तो आईच्या बाजूनं. आईनं काच खाली केली, गोमेकॉची फाईल पिशवीतून काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. म्हणाली, "सोड रे पुता, चुकलें आमचें."

काय चुकलं होतं? कोणाचं चुकलं होतं?

"कागद बरोबर असले तर घाबरायचं कशाला" असं म्हणणारे आता येतीलच. आईच्या नावावर कधी सायकलसुद्धा नव्हती हो! तिचे कुठले कागद चुकले?

हो, मान्य आहे, तपासणी हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर मर्सिडीजच्या अपघातात तीन जीव गेले, तेव्हा पोलीस कुठे होते म्हणून मीही तावातावानं बोलले होते. पिऊन चालवणाऱ्याला अडवा, लायसन रद्द करा, खुशाल करा. एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे नवे दंड लागू झाले, हेल्मेट नसलं की हजार रुपये. घ्या. तालांव (दंडाचं चलन) द्या, पावती द्या. गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायद्यात कलम १३० आहे, माहीत आहे मला. दाखवते की! पण दाखवणं वेगळं आणि गयावया करणं वेगळं. ओळखीचा कोणी आमदार-बिमदार असलेला माणूस गाडीत बसूनच फोन लावतो आणि दोन मिनिटांत सुटतो. ज्याच्याकडे लावायला फोन नाही, तो हात जोडतो.

लिहिता लिहिता थोडा राग उतरला, म्हणून हेही लिहून टाकते. आईसमोरचा तो शिपाई पोरगेलासा होता, माझ्या भाच्याएवढा असेल. उन्हानं नाकाचं साल निघालेलं, मानेवर घामानं चिकटलेला रुमाल. ना सावली, ना बसायला काही. दिवसभर लोकांच्या शिव्या आणि वर साहेबांचा धाक. आईनं "पुता" म्हटल्यावर तो क्षणभर चपापला, मला स्पष्ट दिसलं. फाईलकडे बघितलं, नजर फिरवली, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वच." म्हणजे जा.

बस्स. "वच." सगळं बरोबर आहे, असं एक वाक्य नाही. "मावशी, तुमचें कांय चुकूंक ना," एवढं बोलायला काय पैसे पडतात? बरोबर असल्याचं कोणी सांगतच नाही, म्हणून माणूस सुटला तरी मनात आरोपीच राहतो. पुढे पार्किंग मिळेपर्यंत आई पुटपुटत होती, "तू उगाच उलटं बोललीस." मी उलटं बोलले नव्हते. मी नियम सांगितला होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ओपीडी आहे. आई म्हणते, कदंबच्या बसनं जाऊ. साखळी ते पणजी, तिथून दुसरी बस धरून बांबोळी, दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढत-उतरत. का, तर वाटेत पोलीस नकोत.

नाही जाणार बसनं. गाडीच काढणार आहे, आणि लायसन फोनवरच दाखवणार आहे.