बडोद्याचं ऊन तिथं चालत नाही

आज दुपारी मांडवीला ताईकडे गेले होते. भाचा जूनमध्ये ओमानला चाललाय, खसबच्या खाडीत कयाक वल्हवायला. मी उन्हाचा विषय काढला तर भावोजी म्हणाले, "अगं, आपण बडोद्याचे! 43 डिग्रीत वरातीत नाचतो." सगळे हसले. घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं.

उन्हाउन्हांत फरक असतो हो! आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तिथं वाळवंट खरं, पण त्याला लागून उथळ, तापलेला समुद्र. उन्हाळ्यात आखाताचं पाणीच 33-34 अंशांवर जातं. हवा इतकी दमट की घाम नुसता ओघळतो.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एप्रिल होता, जून नव्हे. मी आणि मामेभाऊ, म्हणजे दादा, खसबजवळच्या खोर शम खाडीत होतो. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, औषधालाही झाड नाही. 1864 साली ब्रिटिशांनी तारेच्या केबलसाठी तिथल्या एका बेटावर ठाणं बांधलं, ते काही वर्षांतच सोडून दिलं. ते बेट पाहून परत फिरलो आणि वारा पाठीशी आला. वल्हं हलकं झालं म्हणून सगळे खूश. पण वाऱ्याच्याच वेगानं आपण चाललो की अंगाला वारा लागतच नाही. दादा गप्प झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, किती राहिलं गं?"

मामी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

पाणी तो पीत होता, भरपूर. नुसतं पाणी! मीठ नाही, साखर नाही. सोबतचा गाईड म्हणत राहिला, पोचूच आता. मी ऐकलं नाही. कयाक खडकाच्या सावलीला लावली, किनाऱ्यावर आल्यावर त्याचं लाईफ जॅकेट काढलं, आजीचा सुती पंचा समुद्रात बुडवून डोक्यामानेवर टाकला, परत परत बुडवला, वही घेऊन वारा घातला.  बऱ्याच वेळानं त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली. शुद्ध पूर्ण आली, तेव्हा कुठं ओआरएस घोटघोट दिलं. तिथून थेट दवाखाना. माणूस बरळायला लागला की घरगुती उपायांवर थांबायचं नसतं.

शरीराला सवय होते, मान्य. आठ-पंधरा दिवस रोज थोडं थोडं उन्हात काढलं तर. भाचा तीन दिवसांसाठी चाललाय! आणि बॅगेत काय, तर बिनबाह्यांचे टीशर्ट. अरे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाल आणि तो ओला ठेव, वाळायची वाट न बघता परत भिजव. उजाडताच निघ, दहाच्या आत पाण्याबाहेर ये. जॅकेट उकडतं म्हणून पाण्यात असताना काढू नकोस.

भावोजींवर राग नाही माझा. त्यांनी दादाचा तो चेहरा पाहिलेला नाही.

निघताना भाचा जिन्यापर्यंत आला, हळूच म्हणाला, "मावशी, तो पंचा आहे का अजून?" आहे. जरा विरलाय. उद्या धुऊन, ओआरएसची पाकिटं त्यात गुंडाळून नेऊन देते.