तेवीस नंबर हजर

आमच्या वर्गात कुकर आहे. आठवी ब, मधली रांग, मागून दुसरा बाक. मी फळ्याकडे वळले की साधारण दोन मिनिटांत वाफ धरतो आणि पहिली शिट्टी होते. शिट्टी इतकी अस्सल, की पहिल्या दिवशी माझा हात आपोआप गॅस बारीक करायला पुढे गेला आणि खडूच्या डब्यात पडला. तिसऱ्या शिट्टीनंतर मागून कोणीतरी अगदी गंभीरपणे सांगतं, "बाई, वरण झालं."

हा कुकर म्हणजे हजेरीपटावरचा तेवीस नंबर. खरं नाव सांगत नाही. एक तर लेकरू आहे, आणि दुसरं म्हणजे त्याचं नाव काढलं की तो तिथे हजर होतो, असा स्टाफरूमचा अनुभव आहे.

आणि त्याला शाळेत मीच आणलंय. सांगून कुणाला खरं वाटत नाही.

लोकांना वाटतं शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते. मे महिन्यात आम्ही पट शोधत फिरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झालेली मुलं कुठल्या वस्तीवर किती, याची यादी पर्समध्ये, डोक्याला स्कार्फ, आणि स्कूटीच्या डिकीत शाळेची माहितीपत्रकं. एका सकाळी सात घरं, सात चहा. नाही म्हटलं तर पालक दुखावतात आणि हो म्हटलं तर पित्त. शिवाय आमच्या आधी त्या घरी पिवळी बसवाली इंग्रजी शाळा येऊन गेलेली असते. तेवीस नंबरच्या घरी मी तीनदा गेले. तिसऱ्या चहाला त्याची आई म्हणाली, "पोरगं जरा खोडकर आहे हो." मी म्हणाले, "खोडकर मुलंच हुशार असतात, ताई. काळजी करू नका, मी आहे ना."

यातलं पहिलं वाक्य खरं निघालं, हेच माझं दुखणं आहे.

पट म्हणजे काय हे शाळेबाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. ३० सप्टेंबरला शाळेत जितकी मुलं, त्यातही ज्यांचं आधार जुळलेलं, त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची सरकारी मंजुरी, आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक. आमची शाळा वर्षानुवर्षं काठावर उभी आहे. दोन-तीन पोरं गळाली की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे त्याचं समायोजन होतं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाला कोण, तर मी. तेव्हा तेवीस नंबर रुसून पिवळ्या बसमध्ये चढला तर माझी रवानगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बरं, वर्गातल्या अर्ध्या मुलांची आधारवरची नावं नाहीतर जन्मतारखा शाळेच्या रजिस्टरशी जुळत नव्हत्या. तेवीस नंबरचं आधार पहिल्या फटक्यात व्हॅलिड. त्याच्या बाबतीत नियमाप्रमाणे झालेली ही एकमेव गोष्ट.

जूनमध्येच मी हेडसरांकडे गेले. सर कागदात डोकं घालून होते. म्हणाले, "समजून घ्या मॅडम. तीस सप्टेंबर होऊ द्या."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेवीस नंबर गायब झाला. दोन दिवस वर्गात अशी शांतता, की मला पंख्याचा आवाज ऐकू आला आणि पंखा दुरुस्तीला आलाय हे कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पोटात गोळा आला. वरून तपासणीला कोणी आलं आणि नेमका हाच नसला तर? शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि गेले. सोयाबीनची काढणी चालू होती. हा बांधावर बसून कोणत्यातरी पक्ष्याशी त्याच्याच आवाजात भांडत होता. आजोबांची समजूत काढली, आणि त्याला मागे बसवून घरी सोडायला निघाले. वाटेत तो एकदम म्हणाला, "बाई, मी नसलो की वर्ग शांत असतो ना?"

मी म्हणाले, "छे, कुठला!"

खोटं बोलताना स्कूटी जरा डगमगली. मग चौकापर्यंत मागून ॲम्ब्युलन्सचा सायरन वाजत होता आणि दोन ट्रॅक्टर बाजूला झाले.

ऑक्टोबरात पुन्हा हेडसरांकडे. "आता सहामाही होऊ द्या मॅडम." दिवाळीनंतर गेले तर म्हणाले, "आता काय, मार्च आलाच." मग मी युक्ती बदलली. पुढच्या शिट्टीला त्यालाच ऑफिसात पाठवलं. म्हटलं, घ्या, तुम्हीच समजून घ्या. अर्ध्या तासानं पोरगं परत आलं ते बिस्किट खात. झालं असं, की हेडसर सकाळपासून एक पीडीएफ पोर्टलवर चढवत होते आणि पोर्टल ती मोठी आहे म्हणून परत फेकत होतं. तेवीस नंबरनं सरांचा मोबाईल घेतला आणि चार बोटं फिरवून ती लहान करून दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी चार पोरं उभी. "बाई, आम्हीपण गडबड केली. आम्हालापण ऑफिसात पाठवा." आता तर शिपाईमामा तिसऱ्या तासाला दारात येऊन हळूच विचारतात, "मॅडम, आज त्यानं काही केलं का? सरांना काम होतं."

माझ्या लहानपणी हे प्रश्न नव्हते. अंगठे धरायला लावत, कल्ल्याचे केस वर ओढत, आणि आमचे एक गुरुजी डस्टर फेकून शेवटच्या बाकावरचा नेम धरत. हे सगळं गेलं ते उत्तम झालं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, आणि पाचवीत माझ्या हातावर बसलेली पट्टी माझ्या चुकीची नव्हती, शेजारणीच्या चुकीची होती, हे मी अजून विसरलेले नाही. तक्रार एवढीच, की छडी काढून नेणारे लोक त्या कोपऱ्यात दुसरं काहीतरी ठेवायला परत येणार होते. ते अजून आलेले नाहीत. मी वाट बघतेय. तोवर माझ्याकडे डोळे वटारणं हे एकच शस्त्र उरलंय, आणि चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तेही मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

शाळेत समुपदेशक नाही असं मात्र म्हणू नका. आहे. ऑर्डर निघालेली आहे. ती मीच. एकदा वैतागून मी त्याला समुपदेशनाला पाठवायचं ठरवलं. वर्गाबाहेर काढलं, मग त्याच्या मागोमाग मीही बाहेर गेले, आणि व्हरांड्यात चेहरा बदलून मऊ आवाजात विचारलं, "काय होतंय बाळा? मन लागत नाही का?" आत उरलेल्या ४१ मुलांनी तोवर बाकांची आगगाडी केली होती आणि ती मनमाडला पोचल्याच्या घोषणा चालू होत्या. तेवीस नंबरनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, "बाई, तुम्हाला काही टेन्शन आहे का?"

आहे, असं सांगून मी पंधरा मिनिटं बोलले. छान ऐकून घेतो हो तो.

डिसेंबरात वरून आदेश आला: वर्ग व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण. म्हटलं चला, शेवटी आली मदत. हॉलमध्ये आम्ही साठेक शिक्षक. सुलभक म्हणून आलेले सर बिचारे तरुण आणि तळमळीचे होते. त्यांनी "शांत बसूया का?" असं म्हटलं, आणि आम्ही बसलो नाही. मागच्या तीन रांगा हळदीकुंकवापासून जुन्या पेन्शनपर्यंत सगळं बोलत होत्या. एक गुरुजी सकाळी सहीला आले ते संध्याकाळचीही सही एकदमच करून गेले. दर वीस मिनिटांनी कोणीतरी हात वर करून अभ्यासू चेहऱ्यानं विचारायचं, "सर, प्रवासभत्ता मिळणार आहे का?" जेवणानंतर मला पेंग आली, आणि सुलभक स्क्रीनकडे वळले तसा कुठूनतरी ओठ मिटून 'म्म्म्म' असा आवाज सुरू झाला. सरांनी गर्रकन वळून पाहिलं. कोणाचेच ओठ हलत नव्हते. माझेही नव्हते. एवढंच सांगते, की असा आवाज नेमका कुठून येतो हे ओळखणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी फार आतून कळलं.

प्रशिक्षणातून मी एक गोष्ट घेऊन आले: पावसाची टाळी. वर्ग भरकटला की एका बोटाची टाळी वाजवायची, म्हणजे रिमझिम. मग दोन बोटांची, तीन, असं करत पाच बोटांचा धो धो पाऊस, मग उलट क्रमानं कमी करत शांतता. सोमवारी केली. रिमझिम सुरेख झाली. तीन बोटांपर्यंत मला प्रशिक्षणाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. पाच बोटांना पाऊस कोसळला आणि मग थांबेना. बाकांवर मुठी आपटून ढगांचा गडगडाट सुरू झाला, दप्तरं वीज पडल्यासारखी खाली कोसळली, मुली छत्र्या उघडल्याचा अभिनय करायला लागल्या, आणि या सगळ्यावर तेवीस नंबरच्या बाकावरून बेडूक. एक नाही, तीन वेगवेगळे बेडूक. शेजारच्या आठवी अच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे पडतोय का? आमच्याकडे कोरडंच आहे."

पालकांचं थोडक्यात सांगते. एकाचे वडील आले, म्हणाले, "मॅडम, फोडून काढा, माझी परवानगी आहे." मी म्हणाले, कायद्याची नाही. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याचे काका आले, "आमच्या पोराला सगळ्यांसमोर 'बस खाली' म्हणालात म्हणे!" दोघांनाही चहा दिला. माझ्या पैशांनी.

परीक्षेचा धाक? राज्यानं २०२३ मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली तेव्हा मला आशा वाटली होती. मी डोळे बारीक करून म्हटलं, "नापास झालास तर याच वर्गात बसावं लागेल." म्हणून टाकलं आणि माझंच काळीज लक्कन हललं. याच वर्गात म्हणजे आठवी ब. म्हणजे मी. तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर मी त्याला अर्धा तास फुकट शिकवते. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, बाईंची तळमळ बघा.

या वर्षात माझा घसा गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस अजिबात बोलू नका." मी त्यांना खुणेनं विचारलं, तुम्ही कधी आठवी बला शिकवलंय का? योगायोगानं त्याच आठवड्यात विज्ञानाचा ध्वनीचा धडा आला. स्वरतंतूंची लांबी पुरुषांमध्ये २० मिलीमीटर, स्त्रियांमध्ये १५, असं फळ्यावर लिहिताना मला भरून आलं. माझे झिजून बारावर आले असणार. आवाजच फुटत नव्हता, म्हणून मी सगळा धडा वस्तू वाजवून शिकवला. स्टीलचा पेला, पट्टी, रबरबँड. लांब तार, आखूड तार. कंपनं जास्त तर आवाज उंच. आणि काय सांगू, वर्ग चिडीचूप. तेवीस नंबरनं तर वर्षातला पहिला खराखुरा प्रश्न विचारला. "बाई, दोन वेगळ्या वस्तूंचा आवाज अगदी सेम येऊ शकतो का?"

मी कुजबुजत म्हणाले, "शोधून बघ."

पुढचे काही दिवस तो मधल्या सुट्टीत स्टीलची बाटली घेऊन जिन्याचा कठडा, नळाचा पाइप, सायकल स्टँड वाजवत, कान लावत फिरायचा. मी स्टाफरूमच्या खिडकीतून इतरांना दाखवलं. म्हटलं, याला म्हणतात कृतियुक्त अध्ययन. दैनंदिनीतही तसं लिहिलं, आणि हेडसरांनी त्यावर हिरव्या शाईनं 'छान' असा शेरा मारला.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे ऑफिसबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा. जानेवारीतला एक दिवस. तो म्हणाला, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" मी म्हटलं जा. थोड्या वेळानं मधल्या सुट्टीची घंटा झाली, ती लांबलचक, ठेक्यातली, शेवटी दोन ठोके जोडून. सबंध शाळा फुटली. मीही खडू टाकला, हात धुतले, स्टाफरूममध्ये आले. सगळ्यांचे डबे उघडे. कोणीतरी मेथीची भाजी फिरवत होतं. कोपऱ्यात शिपाईमामा भाकरी कुस्करून बसले होते.

भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे, म्हणून मी सहज मोबाईल पाहिला. बारा पन्नास. सुट्टी दीडला असते.

"मामा, आज घंटा लवकर दिलीत?"

मामांचा घास हातातच राहिला. "मी कुठं दिली? मला वाटलं सरांनी दिली."

तेवढ्यात हेडसर रुमालाला हात पुसत दारात आले. "मामा, आज लवकर का हो?"

कोणीच काही बोललं नाही. सरांनी उघड्या डब्यांकडे पाहिलं, मेथीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. "आता बसलोय तर जेवून घ्या."

बाहेर पोषण आहाराच्या खोलीसमोर ताटल्या घेऊन रांग लागली होती. पहिला कोण ते बघायला मला उठावं लागलं नाही. आतून स्वयंपाकाच्या ताई ओरडल्या, "अरे थांबा, खिचडी अजून कच्ची आहे!"

रांगेच्या टोकाकडून एक शिट्टी आली. मग दुसरी.