'इन ब्रूज' खरी स्टोरी नाहीये

'इन ब्रूज' हा सिनेमा म्हणजे एका खऱ्या आयरिश सुपारी किलरची स्टोरी, असा मेसेज फिरतोय, तर तसं काही नाहीये. सिनेमाचा लेखक-दिग्दर्शक मार्टिन मॅकडोना स्वतः ब्रूजला फिरायला गेला होता, आधी शहर लय आवडलं आणि मग जाम बोअर झालं, त्या दोन मूडचीच त्याने रे आणि केन ही दोन पात्रं केली, म्हणजे एकाला तिथे कोंडल्यासारखं होतंय आणि दुसरा टुरिस्टसारखा खूश. (मला तरी रेचं पटतं!) खरं आहे ते शहर. बेल्जियममधलंच, सेट नाही, आणि सिनेमातला तो ३६६ पायऱ्यांचा टॉवरपण खराच आहे. सिनेमाला ऑस्कर मिळालं म्हणतात, हेही चूक, पटकथेला फक्त नॉमिनेशन होतं, कॉलिन फॅरेलला मिळाला तो गोल्डन ग्लोब.